लिंबूटिंबू आणि पाव मीटर

मागच्या रविवारची गोष्ट. इथे ऑस्ट्रेलियात आमच्या घरामागे मोठं ओव्हल, म्हणजे खेळायचं मैदान आहे, संध्याकाळी तिथे कुत्री फिरवणारे दोघंतिघं असतात आणि आम्ही मायलेकी. लेकीला सात पूर्ण झाली, वाढदिवसाला पळायचे नवे बूट आणलेत, त्यामुळे दिवसभर "आई रेस लावू ना, लावू ना" चालू होतं. लावली. गोलपोस्टपासून त्या हिरव्या बाकापर्यंत, असेल साठ-सत्तर मीटर. मी आधी पुढे गेले आणि मग नेहमी करते तेच केलं, शेवटच्या दहाबारा पावलांत वेग काढून घेतला, हात उगाच जोरात हलवले, दम लागल्यासारखं तोंड केलं आणि तिला बाकाला आधी हात लावू दिला. मला वाटलं आता उड्या मारेल. ती बाक धरून उभी राहिली, कानशिलं लालबुंद, छाती भात्यासारखी वरखाली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, तू खोटं पळालीस."

परत येताना तिने माझा हात धरला नाही.

रात्री झोपताना गोष्ट मागितली, म्हणजे तिचा राग गेला असावा, पण मला काही केल्या झोप येईना. मला वाटत होतं मी तिला काहीतरी देतेय, आनंद, कॉन्फिडन्स, जे काही म्हणतात ते, आणि तिला वाटलं मी तिच्याकडचं काहीतरी काढून घेतलं. खरं तर हे मला कळायला हवं होतं, कारण लहानपणी मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा तर लिंबूटिंबू करण्याचा. वाड्यातली सगळी पोरं मोठी, मी शेंडेफळ, त्यामुळे डबा ऐसपैस असो नाहीतर विषामृत, खेळ सुरू व्हायच्या आधीच कोणीतरी ओरडायचं, "ही लिंबूटिंबू हां!" म्हणजे ही पळेल, ओरडेल, लपेल, पण हिच्यावर राज्य येणार नाही, ही आउट झाली तरी आउट नाही. मोठ्यांना ती दया वाटते. पण लिंबूटिंबू झालेल्या पोराला बरोब्बर कळतं की आपण आउट होत नाही म्हणजे आपण जिंकलो तरी ते धरणार नाहीत. मी एकदा सगळ्यांच्या आधी डबा उडवला होता, त्याचा टण्ण आवाज अजून कानात आहे, आणि सगळे हसले आणि डबा परत जागेवर ठेवला.

एक दादा तेवढा मला लिंबूटिंबू करायचा नाही. सहा वर्षांनी मोठा माझ्याहून. आमचं गाव कराडजवळ, शाळेतून घरी येताना कालव्याचा पूल लागायचा, आणि पुलापासून मारुतीच्या पारापर्यंत आमची रोजची शर्यत. दादा म्हणायचा, "तू बाभळीपासून पळ, मी पुलावरून सुटतो." बाभूळ पुलाच्या चांगलीच पुढे होती. मी तिथे जाऊन उभी राहायची, तो लांबून "एक, दोन, साडेमाडे तीन" ओरडायचा, आणि मग तो जीव तोडून पळायचा. अगदी जीव तोडून, हे महत्त्वाचं आहे. मागे वळून बघायचं नाही असा नियम होता, पण मला त्याची पावलं ऐकू यायची, फुफाट्यात धप धप धप, आधी लांब, मग जवळ, मग अगदी मानेशी, आणि पार दहा हातांवर असताना तो बाजूने निघून जायचा. रोज. तरीही दुसऱ्या दिवशी मी बाभळीपाशी जाऊन उभी राहायचे. मग एकदा, मी सहावीत असेन, ती धप धप मानेशी आली पण बाजूने गेली नाही. माझा हात पाराच्या दगडाला आधी लागला. दादा काही बोलला नाही, दोन्ही दप्तरं उचलली आणि चालायला लागला. त्या दिवशी तो खोटं पळाला होता का, हा प्रश्न मी गेली तीसेक वर्षं बाळगून आहे आणि त्याला कधी विचारला नव्हता.

असाच प्रश्न आयुष्यभर सोबत घेऊन जगणारी माणसं मी एका गावात बघितलीत, त्यांच्याबद्दल कधीचं लिहायचं होतं.

२०२५च्या ईस्टरला आम्ही ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात निघालो होतो. नवरा म्हणाला, वाटेत स्टॉवेल लागतं, तो गाजलेला तरुण धावपटू गाऊट गाऊट पळणार आहे तिथे, बघून जाऊ. लिहितात स्टॉवेल पण बोलताना म्हणतात नुसतं "स्टॉल". मेलबर्नहून बॅलरॅट, अ‍ॅरारॅट करत हायवेने अडीच-तीन तास, एरवी सहा-सात हजार वस्तीचं झोपाळू गाव, एकेकाळी सोनं सापडलं म्हणून वसलेलं. आणि त्या दिवशी गाड्या लावायला जागा नाही. मैदानाचं नाव सेंट्रल पार्क. जुनी लाकडी ग्रँडस्टँड, झाडं, तळलेल्या कांद्याचा आणि सॉसेजचा वास, एका कडेला बुकी आपापले फलक लावून उभे, आणि मधे सिंथेटिक ट्रॅक वगैरे काही नाही, साधं गवत. त्या गवतावर एकशेवीस मीटरचा पट्टा, तोही किंचित चढाचा, आणि लेन आखायला दोऱ्या ताणलेल्या. चुन्याच्या रेघा नाहीत, खरोखरच्या दोऱ्या, जमिनीपासून वर, म्हणजे एकदा आत शिरलं की आपली गल्ली आणि आपण. स्टॉवेल गिफ्ट म्हणतात या शर्यतीला. गिफ्ट म्हणजे गावातल्या लोकांनी दिलेलं इनाम. १८७८ सालापासून दर ईस्टरला चालू आहे, दुसऱ्या महायुद्धातली चार वर्षं आणि कोविडचं २०२० सोडलं तर खंड नाही.

मी सुरुवातीच्या टोकाला जाऊन उभी राहिले होते. टीव्हीवर शंभर मीटरची रेस बघायची सवय, आठजण एका रेषेत ओणवे. इथे एका रेषेत कोणीच नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं उभी करावी तसे, एक इथे, दुसरा त्याच्या दोन मीटर पुढे, तिसरा अजून पुढे, आणि सगळ्यात मागे लाल रंगातला एकटा. जो सगळ्यात जोरात पळतो त्याला लाल, हा बॅकमार्कर. सगळ्यांचे रंग त्यांच्या क्रमाने ठरलेले, त्यामुळे लांब बसलेल्या म्हाताऱ्यांनाही कोण कुठून सुटला ते कळतं. बंदूक वाजायच्या आधी एवढं मोठं मैदान एकदम गप्प होतं, आणि मग आवाज येतो तो बुटांचा. सिंथेटिकवर कडक चटचट येते तशी नाही. गवतावरून येतो तो खोल, ओला, धप धप आवाज. माझ्या अंगावर काटाच आला. मागच्याला पुढच्यांच्या पाठी दिसतायत, पुढच्याला काहीच दिसत नाही, फक्त मागून येणारी धप धप ऐकू येते. पन्नास-साठ मीटरपर्यंत वाटतं हे कसले एकत्र येतायत, आणि मग उघडा पंखा मिटावा तसे सगळे एकमेकांकडे ओढले जातात, शेवटच्या दहा मीटरला सगळ्या छात्या एका रेषेत.

ही जादू जो घडवतो तो पळत नाही. तो हँडीकॅपर. वर्षभराच्या रेसेसचे निकाल, वेळा, कोण दुखापतीतून उठलाय, कोण वाढीच्या वयात आहे, हे सगळं बघून तो प्रत्येकाचा मार्क ठरवतो, म्हणजे कितव्या मीटरवरून सुटायचं ते. आणि हे अंतर पाव-पाव मीटरने मोजतात. पळणारा सेकंदाला साधारण नऊ-दहा मीटर जातो, म्हणजे पाव मीटर हा सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग झाला. पापणी लवायलाही त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो. तेवढ्यासाठी लोक भांडतात, रडतात. आणि जिंकलं की पुढच्या वेळी मार्क कापला जातो, म्हणजे आज जिंकण्याची किंमत उद्या मागे सरकून द्यायची, म्हणून या शर्यतीत दोनदा जिंकलेली माणसं अगदी थोडी. बिल हॉवर्ड १९६६ आणि ६७, लागोपाठ दोन वर्षं जिंकला, त्याचं नाव अजून तिथली माणसं आदराने घेतात.

गाऊट गाऊट तेव्हा सतरा वर्षांचा होता. चार महिन्यांपूर्वीच त्याने दोनशे मीटर २०.०४ सेकंदात पळून पीटर नॉर्मनचा १९६८ पासूनचा ऑस्ट्रेलियन विक्रम मोडला होता, त्यामुळे गर्दी सगळी त्याच्यासाठी. पण इथे तो जवळजवळ शेवटच्या टोकावरून सुटणार होता. सेमीफायनललाच अडकला. पळाला अप्रतिम, लांबलचक पाय, ती वाऱ्यावर तरंगल्यासारखी चाल, पण पुढचे फार पुढे होते. फायनल जिंकली जॉन इव्हान्सने, पावणेदहा मीटर पुढून सुटून. आमच्या मागे बसलेली काही मुलं हिरमुसली, त्यातला एक जण म्हणत होता की हे काय, सगळ्यात फास्ट तर तो आहे. नवऱ्यालाही जरा तसंच वाटलं. मला नाही वाटलं. इव्हान्सच्या मागे ती सगळी धप धप येत होती आणि तो मान न वळवता पळाला, त्याला कोणी लिंबूटिंबू केलं नव्हतं. त्याला एक अंतर दिलं होतं आणि मागच्यांनी त्याच्यामागे जीव तोडला होता.

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, ऐंशीच्या घरातले, मांडीवर थर्मास, हातात घडी घातलेला प्रोग्रॅम आणि पेन्सिल. प्रत्येक हीटनंतर नावापुढे काहीतरी बारीक लिहायचे. मी विचारलं तर खूश झाले, म्हणाले मी पण पळलोय इथे, फायनलला कधी पोचलो नाही. मग हळूहळू बोलायला लागले. त्यांनी मला एक शब्द सांगितला, "रनिंग डेड". म्हणजे मुद्दाम हळू पळायचं. सीझनभर छोट्या गावांच्या गिफ्टमध्ये पाचवा-सहावा यायचं, हँडीकॅपरला वाटलं पाहिजे हा काही खास नाही, मग तो मार्क वाढवून देतो, आणि मग ईस्टरला खरं पळायचं. आजोबांच्या कोचने त्यांना एक अख्खा सीझन असं पळायला लावलं होतं. मार्क मिळाला, हवा तसा मिळाला. ते म्हणाले, आठ महिने मी रोज स्वतःला धरून ठेवलं, आणि इथे बंदूक वाजल्यावर सोडायला गेलो तर सुटेचना. हे सांगताना त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले.

रविवारी लेकीचं वाक्य ऐकून मला आधी आठवले ते हे आजोबा.

आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे, नुरा कुस्ती. माझा मोठा मामा पैलवान होता, सांगलीकडचा, आणि यात्रेच्या फडात जोड लावायला त्याला बोलवायचे. लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात, मग खोबऱ्याच्या वाटीवर, मग दहा-वीस रुपये करत शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत. मामा पोरांना समोरासमोर उभं करायचा, खांदे बघायचा, मांड्या दाबून बघायचा, कधीकधी जोड मोडून दुसराच पोरगा पुढे ओढायचा. त्याचं म्हणणं असं की जोड बरोबर लागली की अर्धी कुस्ती झाली, बाकीची अर्धी हलगी करते. त्याला नुऱ्याची चीड होती. एकदा नावाजलेले दोघं पैलवान आधीच ठरवून बरोबरीत सुटले, तर मामा फडातून उठून आला आणि त्या यात्रेत परत गेला नाही. कितीही शेलके डाव टाकले तरी बघणाऱ्याला कळतं, असं म्हणायचा. लेकीलाही कळलंच की.

या हँडीकॅप शर्यतींचा सगळा इतिहास मला तरी असाच वाटतो, एका बाजूला मामासारखे जोड लावणारे आणि दुसऱ्या बाजूला नुरा. सुरुवात ब्रिटनमधली. एकोणिसाव्या शतकात शेफील्डसारख्या लोखंड-पोलादाच्या गावात कामगारांची शर्यतींना तोबा गर्दी व्हायची, दारूच्या गुत्त्यांचे मालक इनामं लावायचे, आणि सरळ शर्यत लावली तर दरवेळी तोच एक जिंकणार, मग पैज कोण लावणार, म्हणून हँडीकॅप. म्हणजे जन्म या गोष्टीचा न्यायापोटी झालेला नाही, पैजेपोटी झालाय, हे मान्य करायला मला थोडं जड जातं पण तसं आहे. शेफील्डचं नाव या प्रकाराला इतकं चिकटलं की ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या ग्लेनेल्गला दर डिसेंबरात होते त्या शर्यतीचं नावच बे शेफील्ड. एडिंबरामध्ये पावडरहॉलच्या मैदानावर १८७० पासून नवीन वर्षाची स्प्रिंट सुरू झाली, ती आजही होते, जागा बदलत बदलत. तिथले धावपटू खोटी नावं घेऊन उतरायचे म्हणे, सराव अंधारात, लांब कुठल्यातरी माळावर, घड्याळ फक्त कोचच्या हातात. स्वतःचा वेग असा चोरून वाढवायचा आणि लपवून ठेवायचा, बायकोलासुद्धा सांगायचा नाही, याचं मला एक विचित्र आकर्षणही वाटतं हे खोटं कशाला बोलू.

आणि हे सगळं कुठे जाऊ शकतं ते १८८७च्या सप्टेंबरात लंडनमध्ये दिसलं. हॅरी हचेन्स, त्या काळचा बहुतेक जगातला सगळ्यात वेगवान माणूस, आणि हॅरी जेंट, यांची लिली ब्रिजच्या मैदानावर शर्यत होती. हजारो लोक पैसे भरून आत बसलेले. पण कोणी हरायचं यावरून पैजवाल्यांच्या टोळ्यांचं आपसात जुळेना, आणि शेवटी दोघांनाही मैदानातून बाहेर नेलं. शर्यत झालीच नाही. लोकांना कळलं तेव्हा त्यांनी कुंपणं मोडली, स्टँड पेटवले, अख्खं मैदान जाळलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं काय वेडी माणसं, दोन जण पळाले नाहीत म्हणून आग लावायची? आता वाटतं, ती माणसं तासन् तास उभी होती एक खरी गोष्ट बघायला, आणि त्यांना कोणी सांगितलंसुद्धा नाही की ती होणार नाही.

स्टॉवेलला स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर नजर ठेवणारे अधिकारी, असतात याच्यासाठी. कोणी अचानक फारच सुधारला तर बोलावून जाब विचारतात, जिंकलेल्यांनाही दंड झालेत, कोचलाही. तरी इनाम काढून घेत नाहीत बरेचदा, आणि गाव ते सगळं बोलत राहतं वर्षभर.

पण मला तिथली जी माणसं जास्त जवळची वाटतात ती सगळ्यात मागे उभी राहिलेली. ती शून्याची जागा, तिला स्क्रॅच म्हणतात. पूर्वी जमिनीवर ओरखडा काढून रेघ मारायचे, तोच शब्द राहिला. स्क्रॅचवरून सुटायचं म्हणजे तुमच्या मागे कोणीच नाही आणि पुढे सगळे. पुरुषांची स्टॉवेल गिफ्ट स्क्रॅचवरून जिंकणारा पहिला माणूस यायला १८७८ पासून १९७५ साल उजाडावं लागलं, आणि तो आला मादागास्करहून. झाँ-लुई रावेलोमानांत्सोआ. ऑलिंपिकमध्ये पळून झाल्यावर पैशासाठी पळणारा झाला होता, म्हणजे त्या काळच्या नियमाने त्याला ऑलिंपिकचं दार बंद. त्याच्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, २००५ मध्ये जोशुआ रॉस. एवढ्या वर्षांत स्क्रॅचवरून किती जण सुटले असतील, आणि सगळ्यांना माहीत असणार की आज बहुतेक नाहीच.

ते दार बंद असणं हाही एक मोठा प्रश्न होता. एकदा पैसे घेतले की संपलं, मग तुम्ही कितीही पळा. स्कॉटलंडचा जॉर्ज मॅकनील तर पळायचे पैसे घेण्याआधी फुटबॉलचे घेऊन बसला होता, तेवढ्यावरून तो प्रोफेशनल ठरला. १९७० मध्ये पावडरहॉलची शर्यत जिंकला, १९८१ मध्ये इथे येऊन स्टॉवेल जिंकला, दोन्ही जिंकणारा पहिला माणूस. मधली अकरा वर्षं बघा. वेगाने पळणाऱ्याच्या आयुष्यात अकरा वर्षं म्हणजे अख्खं आयुष्य, आणि त्यात एकही ऑलिंपिक नाही. बायकांना तर ही गल्ली फार उशिरा मिळाली, १९८९ला त्यांची स्टॉवेल गिफ्ट सुरू झाली आणि इनाम पुरुषांच्या बरोबरीचं, चाळीस हजार डॉलर, व्हायला २०१५ उजाडलं.

विजेत्यांची यादी मी परत आल्यावर शांतपणे वाचली. २०१९ या सालासमोर ध्रुव रॉड्रिग्ज चिको हे नाव दिसलं आणि "ध्रुव" वाचून उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. पण मी थांबले ती १९२८वर. लिंच कूपर. योर्टा योर्टा जमातीचा, इथल्या मूळ माणसांपैकी. गिफ्ट जिंकला आणि पुढच्या वर्षी प्रोफेशनल स्प्रिंटचा जगज्जेता झाला. त्याच्याआधी १८८३ मध्ये बॉबी किनियर, १९१० मध्ये टॉम डान्सी, हेही मूळ माणसंच. बॉबी मॅकडोनाल्ड नावाचा त्यांच्यातलाच अजून एक धावपटू थंड वाऱ्यापासून वाचायला खाली वाकून बसायचा आणि त्यातूनच ओणवं होऊन सुटायची पद्धत निघाली असं सांगतात. लिंचचे वडील विल्यम कूपर, आयुष्यभर आपल्या लोकांच्या हक्कांसाठी अर्ज, विनंत्या, सह्या गोळा करत राहिलेला माणूस. १९३८च्या डिसेंबरात, जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले म्हणून निषेधाचं पत्र घेऊन ते मेलबर्नच्या जर्मन कचेरीत गेले होते, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या लोकांना स्वतःच्या देशात साधे नागरिक म्हणून वागवलं जात नव्हतं. मी त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघत बसते. मुलगा गवतावर उभा, त्याच्या पायाखालचं अंतर कोणीतरी फूटपट्टी घेऊन मोजलेलं, की बाबा याला कमी नको आणि जास्त नको. आणि मैदानाच्या फाटकाबाहेर बाप, तिथे त्याच्यासाठी काहीच मोजलेलं नाही. एकाच देशात, एकाच घरात. मला यातून काही निष्कर्ष काढता येत नाही, नुसता घसा दाटतो.

आणि कॅथी फ्रीमन. सिडनी ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरचं सुवर्णपदक जिंकायच्या चार वर्षं आधी, १९९६च्या ईस्टरला ती स्टॉवेलला बायकांची चारशे मीटर हँडीकॅप पळाली. स्क्रॅचवरून. सगळ्यात पुढची मुलगी तिच्या ५४ मीटर पुढे होती. चोपन्न! आमचं ते गोलपोस्ट ते बाक जवळजवळ. याचा व्हिडिओ मी सोमवारी रात्री लेकीला दाखवला. शेवटच्या वळणापर्यंत कॅथी कुठे आहे तेच कळत नाही, कॅमेरा पुढच्यांवर, ती कुठेतरी मागे लहानशी. मग सरळ लागते, आणि ती एकेकीला गाठत येते, घाई नाही, चेहरा वाकडा नाही, आणि अगदी रेषेवर ती पुढच्या मुलीच्याही पुढे जाते. लेक उठून उभी राहिली होती कॉटवर. मला वाटलं ती म्हणेल कॅथी भारी. ती म्हणाली, "ती पुढची मुलगी किती जोरात पळत होती ना आई!" परत लाव म्हणाली. तीनदा बघितला, तिन्ही वेळा तिची नजर त्या पुढच्या मुलीवर.

मग मी दादाला फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, शेतावरून आलेला, मागे टीव्ही आणि वहिनींच्या कुकरची शिट्टी. आधी ऊस, मग आईचे गुडघे, मग म्हटलं, "दादा, एक विचारू? खरं सांगशील? मी सहावीत असताना पाराला आधी हात लावला होता, तेव्हा तू मुद्दाम हळू पळालास का रे?"

"कधी?"

त्याला आठवतच नव्हतं. मी दिवस सांगितला, दप्तरं सांगितली, तो बोलला नाही ते सांगितलं. त्याला काही म्हणजे काही आठवेना. तीस वर्षं मी जे सांभाळलं ते त्याच्याकडे नव्हतंच. मला जरा वाईट वाटलं, फोन ठेवावा असं वाटायला लागलं, तेवढ्यात तो म्हणाला, "पर सहावीत म्हणजे तू हौदापासनं पळत होतीस नव्हं?" मी म्हटलं, हौद नाही, बाभूळ. "अगं बाभूळ आधी. तू तिसरी-चौथीत होतीस तवा बाभूळ. मग तू वाढाय लागलीस की गं, मग मी तुला मागं आणलं, आधी त्या मोरीपाशी, मग हौदापाशी. हौद तर पुलाला लागूनच होता. एवढीशी सूट होती तुला शेवटाला."

हौद मला आठवतो. पुलापासून वीस-पंचवीस पावलांवर, शेवाळलेला, गुरं पाणी प्यायची तो. पण मी तिथून सुटायचे हे माझ्या डोक्यातून साफ गेलंय, मला अजूनही फक्त बाभूळच दिसते. दादा इतकी वर्षं बारीक नजर ठेवून माझा मार्क कापत होता आणि मला वाटत होतं मी रोज त्याच जागेवरून हरतेय. त्या दिवशी तो खोटं पळाला की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आता कळणारही नाही. फोन ठेवताना तो म्हणाला, पोरीला सांग मामा आला की शर्यत लावू. मग लगेच, "किती पळती गं ती?" असं ज्या आवाजात विचारलं ना, तो थेट आमच्या पैलवान मामाचा आवाज होता, जोड लावतानाचा.

काल परत ओव्हलवर गेलो. मी गोलपोस्टपाशी उभी राहिले आणि तिला म्हटलं, तू पुढे जा, थांब म्हणेन तिथे थांब. ती चालत राहिली, मी थांब म्हटलं. तिने मागे वळून अंतर बघितलं, मग बाकाकडे बघितलं. मग स्वतःच चार पावलं मागे माझ्याकडे आली, टाचेने गवतात रेघ मारायचा प्रयत्न केला, गवत ओलं होतं, नीट उमटेना, तर केसांची क्लिप काढून तिथे खोचली.

"इथून," ती म्हणाली. "आणि आई, खरं पळ."

मी एक, दोन, साडेमाडे तीन म्हटलं.